अजनालाच्या विहिरीतले सैनिक आणि डीएनएची अक्षरे

गेल्या वर्षी शैक्षणिक सहलीत आम्ही अमृतसरला गेलो होतो. जालियनवाला बाग झाली, सुवर्णमंदिर झाले, अटारीची रिट्रीटही पाहून झाली. परतीच्या बसमध्ये इतिहासाच्या सरांनी सांगितले, की अमृतसरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर अजनाला नावाचे गाव आहे आणि तिथल्या एका जुन्या विहिरीतून २०१४ साली शेकडो माणसांची हाडे निघाली. ती १८५७ च्या शिपायांची असावीत असे मानले गेले. वेळ नसल्यामुळे आमचे तिकडे जाणे झाले नाही.

माझ्या शेजारी माझा बंकमेट बसला होता. त्याचे नाव लिहीत नाही, कारण त्यानेच तशी अट घातली आहे. तो उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्याचा. मंगल पांडे आमचेच, असे सांगितल्याशिवाय या जिल्ह्यातल्या मुलाचे कोणतेही भाषण संपत नाही. त्या दिवशी मात्र तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या एक गोष्ट सांगतात. घरातले एक जण कंपनीच्या पलटणीत होते, पलटण पंजाबात होती, आणि गदरच्या वर्षी त्यांची खबर यायची बंद झाली. पुढे काय झाले ते कोणालाच ठाऊक नाही. दिवे बंद झालेल्या बसमध्ये त्याने मला विचारले, "मेरा डीएनए मिलाकर पता चल सकता है क्या?"

जीवशास्त्रात मला बरे गुण मिळतात, त्यामुळे मी छाती फुगवून म्हणालो, "का नाही? तुझी लाळ घ्यायची, हाडांशी जुळवायची, कॉम्प्युटर दोन मिनिटांत सांगेल."

माझे उत्तर चुकीचे होते. ते का चुकीचे होते हे समजून घेण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. त्याला तोंडी सांगितले आहेच, पण नीट सांगायचे तर लिहूनच सांगावे लागेल, म्हणून हा लेख.

आधी इतिहास थोडक्यात. १८५७ म्हटले की आम्हा मराठी मुलांच्या डोळ्यांपुढे झाशी, कानपूर आणि तात्या टोपे येतात. लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत २६ वी बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री होती, हे निदान मला तरी ठाऊक नव्हते. मे महिन्यातच या पलटणीची हत्यारे काढून घेतली होती. ३० जुलै १८५७ रोजी जवळपास पाचशे शिपाई छावणीतून निघाले आणि रावी नदीपाशी येऊन अडकले. काही पाण्यात बुडाले, काही मारले गेले, उरलेल्या २८२ जणांना अजनालाला आणले. अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने १ ऑगस्टला त्यांना दहा-दहाच्या तुकडीने बाहेर काढून गोळ्या घालायला लावल्या. २३७ जण असे मारले गेले. बाकीचे ४५ ज्या बुरुजात कोंडले होते तिथेच गुदमरून मेले होते. सगळ्यांना जवळच्या कोरड्या विहिरीत टाकले. हे आपल्याला कसे ठाऊक? कूपरने स्वतःच १८५८ साली 'द क्रायसिस इन द पंजाब' या पुस्तकात अभिमानाने लिहून ठेवले. त्याने आकडे लिहिले, पण त्या माणसांची नावे त्या आकड्यांत नाहीत.

२०१४ मध्ये विहीर खणली गेली तेव्हा हाडे निघाली, कवट्या निघाल्या, दात निघाले, नाणी आणि पदकेही निघाली. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. पंजाबच्या सरहद्दीजवळच्या विहिरीत माणसांची हाडे सापडली तर १९४७ ची फाळणी कोणाला आठवणार नाही? ही हाडे फाळणीतल्या दंगलींत मारल्या गेलेल्या लोकांची आहेत, असे काही जणांचे म्हणणे होते. म्हणजे दोन दावे समोर होते. एका दाव्याप्रमाणे ही माणसे पंजाबातली, दुसऱ्याप्रमाणे गंगेच्या मैदानातून आलेली. कूपरच्या पुस्तकावर भरवसा ठेवायचा की नाही, हे आता हाडांनाच विचारायचे होते.

हाडे बोलतात ती अक्षरांत. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांब धागा असतो आणि तो चारच घटकांनी बनलेला असतो. त्यांना ए, टी, जी आणि सी म्हणतात. ही चार अक्षरे ज्या क्रमाने येतात त्या क्रमात शरीर घडवण्याची माहिती असते. क्रमातला जो तुकडा एखादे प्रथिन कसे बनवायचे ते सांगतो तो जनुक. माणसात अशी सुमारे २० हजार जनुके आहेत. आणि सगळा क्रम, जनुके आणि मधला सगळा मजकूर धरून, म्हणजे जीनोम. त्याची लांबी सुमारे ३१० कोटी अक्षरे. एका पानावर ३ हजार अक्षरे छापली तर दहा लाखांहून जास्त पाने होतील. आमच्या लायब्ररीत ती मावणार नाहीत.

हा क्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचणारे यंत्र नाही. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिलेल्या पद्धतीने एका वेळी काही शे अक्षरे वाचता येतात. हल्लीची बरीचशी यंत्रे तर शे-दीडशे अक्षरांचेच तुकडे वाचतात, पण एकाच वेळी कोट्यवधी. मग ते जोडायचे कसे? समजा नोटीस बोर्डावरच्या रुटीन ऑर्डरच्या पन्नास प्रती कोणी फाडून टाकल्या. (आमच्या हाउसमध्ये एका प्रतीबाबत हे घडलेले आहे, नाव सांगत नाही.) प्रत्येक प्रत वेगळ्या ठिकाणी फाटली आहे. एका तुकड्यावर 'सकाळी पीटीनंतर सर्वांनी' असे आहे आणि दुसऱ्यावर 'नंतर सर्वांनी मेससमोर'. 'नंतर सर्वांनी' हे दोन्हींत आहे, म्हणून ते एकावर एक ठेवता येतात. असे करत करत अख्खी ऑर्डर परत मिळते. एकच प्रत फाडली असती तर हे जमले नसते. म्हणूनच जीनोम वाचताना प्रत्येक जागा साधारण तीस वेळा वाचली जाईल इतके तुकडे घेतात. एखाद्या तुकड्यात यंत्राने चूक वाचले, तर बाकीचे एकोणतीस ती उघडी पाडतात.

मानवी जीनोम प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. तरी काही अवघड जागा रिकाम्याच होत्या. त्या भरलेला क्रम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आता नवा माणूस वाचताना सगळे पहिल्यापासून जोडत बसावे लागत नाही. एक पूर्ण प्रत भिंतीवर लावलेली आहे, आपले तुकडे तिच्यावर योग्य जागी चिकटवायचे. त्या प्रतीला संदर्भ क्रम म्हणतात. जैवमाहितीशास्त्राचे, म्हणजे बायोइन्फर्मेटिक्सचे, निम्मे काम या चिकटवण्यातच आहे असे मला वाटते.

चिकटवणे सोपे वाटते, पण नाही. समजा संदर्भ क्रम असा आहे:

ए टी जी सी सी ए टी जी

आणि दातातून मिळालेला तुकडा असा:

ए टी जी सी ए टी जी

दोन्ही डावीकडून जुळवून पाहा. पहिली चार अक्षरे जुळतात, मग सगळेच बिघडते: सी समोर ए, ए समोर टी, टी समोर जी, आणि शेवटच्या जी समोर कोणीच नाही. वाटते, हा तुकडा इथला नव्हेच. पण ड्रिलच्या मैदानावर उभा राहिलेला कोणीही याचे उत्तर सांगू शकेल. तीन रांगांत मुले पुरी पडत नाहीत तेव्हा उस्ताद काय करतात? डावीकडून दुसऱ्या फाइलमध्ये जागा मोकळी ठेवतात. तिला ब्लँक फाइल म्हणतात. ती जागा मोकळी सोडली की बाकी सगळे आपापल्या मार्करच्या रेषेत येतात. तसेच इथे पाचव्या जागी मोकळी जागा सोडा. लगेच सातच्या सात अक्षरे जुळतात. मधले एक सी गळाले होते, एवढेच.

कॉम्प्युटरला मात्र 'बरे दिसते' हे कळत नाही, त्याला गुण द्यावे लागतात. जुळले तर १ मिळवा, न जुळले तर १ वजा, मोकळी जागा सोडली तर २ वजा. (मोकळी जागा महाग ठेवावी लागते. नाहीतर जागा सोडत सोडत कोणतीही दोन वाक्ये जुळवता येतील.) पहिल्या मांडणीत ४ जुळली, ३ चुकली, १ जागा मोकळी, म्हणजे उणे १ गुण. दुसऱ्या मांडणीत ७ जुळली, १ जागा मोकळी, म्हणजे ५ गुण. दुसरी जिंकली.

आता गंमत अशी, की शंभर शंभर अक्षरांचे दोन क्रम घेतले तर मोकळ्या जागा सोडून ते मांडण्याचे प्रकार इतके होतात, की आकडा लिहायला एकावर पन्नासाहून अधिक शून्ये लागतील. सगळे तपासायला कोणताही कॉम्प्युटर पुरणार नाही. १९७० मध्ये सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांनी वाट दाखवली. एक चौकटींचा तक्ता काढायचा, एक क्रम वर आणि दुसरा बाजूला लिहायचा. प्रत्येक चौकटीत 'इथपर्यंत येण्याचे सर्वांत जास्त गुण किती' एवढेच लिहायचे. ते काढायला डावीकडची, वरची आणि तिरकी अशा तीनच चौकटी पाहाव्या लागतात, मागचे सगळे पुन्हा मोजावे लागत नाही. शंभर अक्षरांसाठी दहा हजारांच्या आसपास चौकटी, म्हणजे कॉम्प्युटरला क्षणाचे काम. मी प्रेपमध्ये वर दिलेल्या सात आणि आठ अक्षरांचा तक्ता वहीवर भरून पाहिला. चाळीस मिनिटे लागली, दोनदा चुकलो, पण शेवटच्या चौकटीत ५ आले तेव्हा लाइट्स आउटची शिट्टी ऐकूच आली नाही.

पण जगभरचे सगळे साठवलेले क्रम शोधायचे तर हा तक्ताही हळू पडतो. त्यासाठी १९९० मध्ये ब्लास्ट नावाची पद्धत आली. ती आधी दहा-बारा अक्षरांचा हुबेहूब जुळणारा छोटा तुकडा शोधते आणि फक्त तिथूनच दोन्ही बाजूंना पुढे सरकते. हे इंटरनेटवर कोणालाही फुकट वापरता येते. मामाच्या लॅपटॉपवर मी माणसाच्या एका क्रमातली साठ अक्षरे टाकली आणि काही सेकंदांत माणसांची लांबलचक यादी आली. मग मी फक्त बारा अक्षरे टाकून पाहिली आणि त्यातून कामाचे काहीच निष्पन्न झाले नाही. का, ते वहीवर गणित केल्यावर कळले. चार अक्षरांपासून बारा अक्षरांचे वेगवेगळे शब्द सुमारे १ कोटी ६८ लाख होतात. ३१० कोटी अक्षरांच्या पुस्तकात असा कोणताही एक शब्द नुसत्या योगायोगाने १८० च्या वर वेळा सापडेल. म्हणजे 'जुळले' याला एकट्याने काही अर्थ नाही. योगायोगाने किती जुळले असते, हे आधी विचारायचे. ब्लास्ट प्रत्येक उत्तराशेजारी नेमका हाच आकडा देते, त्याला ई व्हॅल्यू म्हणतात. तो जितका शून्याजवळ तितके चांगले. पहिल्या दिवशी मी उलटेच समजत होतो आणि सर्वांत वाईट उत्तराला सर्वांत चांगले मानून बसलो होतो.

आता विहिरीकडे परत येतो. दीडशे वर्षे ओलाव्यात पडलेल्या हाडांतला डीएनए तुटून बारीक तुकडे होतात. त्यातल्या त्यात दात बरा, कारण बाहेरचे कठीण आवरण आतल्या भागाला सांभाळते. शिवाय पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. केंद्रकातल्या मोठ्या पुस्तकाच्या दोनच प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पण तंतुकणिकांना, ज्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात, त्यांचा स्वतःचा एक छोटा गोलाकार डीएनए असतो. तो अवघ्या १६,५६९ अक्षरांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेपाच पाने, आणि त्याच्या प्रती एका पेशीत शेकडो ते हजारो. दहा लाख पानांच्या दोन प्रती आणि साडेपाच पानांच्या हजार प्रती पावसात भिजल्या, तर कोणते पुस्तक परत जुळवता येईल? म्हणून जुन्या हाडांच्या बाबतीत बहुतेक वेळा पहिला नंबर मायटोकाँड्रियाचा लागतो.

यात दोन शत्रू आहेत. पहिला म्हणजे झीज. मेलेल्या पेशीत सी या अक्षराचे रासायनिक रूप बदलते आणि यंत्र ते टी म्हणून वाचते. हे विशेषतः तुकड्यांच्या टोकांना घडते. वाटते ही तर अडचण, पण अभ्यासकांनी तिचाच पुरावा केला आहे. तुकड्यांच्या टोकाला अशा चुका दिसल्या तर डीएनए जुना, एकही दिसली नाही तर संशय घ्यायचा. दुसरा शत्रू आपण स्वतः. दात हातात धरणाऱ्याची एक शिंक, कपाळावरचा घाम, की त्याचाच डीएनए नमुन्यात जातो आणि तो ताजा असल्यामुळे जुन्यापेक्षा जास्त जोरात 'वाचला' जातो. म्हणून प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचेही क्रम नोंदवून ठेवतात, म्हणजे शिपायाच्या दातात संशोधकच सापडला असे होऊ नये.

या संशोधनात चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले मानवशास्त्रज्ञ जे. एस. सेहरावत, हैदराबादची सीसीएमबी ही संस्था, लखनौची बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांचे लोक होते. त्यांनी ५० नमुन्यांतून मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासला. निकाल एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

दातातला क्रम हातात आला की तो १६,५६९ अक्षरे सबंध लिहीत नाहीत, फक्त फरक लिहितात. केंब्रिजमध्ये १९८१ साली एका मायटोकाँड्रियाचा क्रम पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला. नंतर त्यातल्या काही चुका दुरुस्त झाल्या आणि आज जगभर तोच संदर्भ मानतात. एखाद्याच्या क्रमात १०४०० क्रमांकाच्या जागी संदर्भातल्या सी ऐवजी टी असेल, तर तो एम नावाच्या मोठ्या मातृकुळातला, आणि भारतातले निम्म्याहून अधिक लोक या कुळातले आहेत. त्याच्या पुढे आणखी फरक पाहत गेले की फांद्या, उपफांद्या लागतात. काही फांद्या पंजाब आणि त्याच्या पश्चिमेला जास्त आढळतात, काही गंगेच्या मैदानात, काही दक्षिणेत. एका दातावरून यातले फारसे काही ठरत नाही, कारण माणसे नेहमीच फिरत आली आहेत. पण पन्नास दातांतल्या फांद्यांचे प्रमाण काढून ते आजच्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या प्रमाणांशेजारी ठेवले, तर हा गट कोणाशी जास्त मिळताजुळता आहे ते दिसते. विहिरीतले लोक पंजाबातल्या लोकांशी जुळले नाहीत. ते गंगेच्या मैदानातल्या, म्हणजे उत्तर प्रदेशाचा पूर्व भाग, बिहार, बंगाल या बाजूच्या लोकांशी जुळले.

याला दुसरा साक्षीदारही होता आणि तो डीएनएशी संबंध नसलेला, म्हणून जास्त मोलाचा. दाताचे कठीण आवरण लहानपणी तयार होते आणि पुढे बदलत नाही. लहानपणी प्यालेल्या पाण्यातला ऑक्सिजन त्यात कायमचा राहतो. ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात आणि पाण्यातले त्यांचे प्रमाण समुद्रापासूनचे अंतर, पाऊस, उंची यांनुसार बदलते. ८५ नमुन्यांची अशी तपासणी झाली. त्यांचीही साक्ष हीच, की यांचे बालपण पंजाबात गेलेले नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते, आणि ती गोष्ट कूपरच्या पुस्तकाशी जुळत होती.

इथे मला एक शंका आली होती. ती इथे मांडतो, कारण आमच्या जीवशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या की शंका बरोबर आहे. तुलना करायची तर ज्यांच्याशी तुलना करायची ते लोक आधी यादीत असले पाहिजेत. एखाद्या जिल्ह्यातल्या लोकांचे क्रम कोणी घेतलेच नसतील, तर कॉम्प्युटर 'माहीत नाही' असे म्हणत नाही, तो यादीतला त्यातल्या त्यात जवळचा कोणीतरी पुढे करतो. संदर्भ क्रमाचेही तेच. मानवी जीनोमची जी प्रत भिंतीवर लावली गेली, तिचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एकाच माणसाचा होता. जगातल्या सगळ्यांना त्याच्या शेजारी उभे करून मोजायचे! भारतात आता जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या दहा हजार लोकांचे जीनोम वाचून झाले आहेत आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. फरिदाबादच्या केंद्रात ती ठेवली आहे. अजनालासारखा प्रश्न पुढे कधी आला तर शेजारी ठेवायला आपली स्वतःची पाने असतील.

आता माझ्या मित्राचा प्रश्न. त्याच्या घरातून गेलेले ते शिपाई सहा-सात पिढ्यांपूर्वीचे. हिशेबाने ते त्याच्या खापरपणजोबांच्या आजोबांचे भाऊ. त्यांचा दात त्या पन्नासांत असेलही. पण त्या दातातला मायटोकाँड्रिया त्यांच्या आईचा. भावाकडेही तोच होता, पण पुरुष तो पुढे देत नाही. भावाच्या मुलांना तो त्यांच्या आईकडून आला, नातवांना नातवांच्या आईकडून. माझ्या मित्रापर्यंत येईतो तो सहा वेळा बदलला. त्याची लाळ त्या दाताशेजारी ठेवली आणि जुळली नाही, तर त्यातून काही सिद्ध होत नाही. जुळली तरी होत नाही, कारण एकाच मातृकुळातली हजारो माणसे असतात. बसमध्ये मी दिलेले उत्तर इथे चुकले होते.

वडिलांकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र उपयोगी पडेल का? नात्याने पाहिले तर पडेल, ते दोघांचे सारखेच असायला हवे. पण ते केंद्रकातल्या दोन प्रतींच्या मोठ्या पुस्तकातले, त्यातही एकाच प्रतीत असलेले, आणि इतक्या झिजलेल्या दातातून ते वाचता येणे कितीतरी अवघड. बाकीच्या जीनोममध्ये प्रत्येक पिढीला वाटा निम्मा होत जातो. सहा पायऱ्या वर गेले की एका पूर्वजाचा वाटा सरासरी ६४ वा भाग उरतो, आणि हे तर सरळ पूर्वजही नाहीत, त्यांचे भाऊ.

मग कोणाची लाळ हवी? त्या शिपायाला बहीण असेल, तर तिच्या मुलीच्या मुलीच्या मुलीची. अशी बायकांची साखळी कुठे न तुटता आजपर्यंत आली असेल तर तिच्यातल्या कोणाचीही. या शेवटच्या कडीवर मुलगा असला तरी चालेल, कारण त्याला आईकडून तो मिळालेलाच असतो.

हे वाचल्यावर मी आमच्याच घरात प्रयोग केला. आम्ही सांगली जिल्ह्यातले. आमच्याकडे काही वर्षांनी हेळवी येतो आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो. वडिलांच्या बाजूची नऊ नावे मला त्यामुळे पाठ आहेत. रविवारी फोनवर मी आईला विचारले, तुझी आई, तिची आई, तिची आई? आईने आजीचे नाव सांगितले, पणजीचे सांगितले, आणि तिच्या आईच्या नावापाशी थांबली. म्हणाली, "सासरचं नाव काय होतं ते मावशीला विचारून सांगते. माहेरचं कोण जपून ठेवतंय?" म्हणजे माझ्या अंगातल्या प्रत्येक पेशीत ज्या बाईची साडेपाच पाने हजार प्रतींत आहेत, तिचे नाव आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. हेळव्याच्या वहीत तर आईच्या बाजूचे पहिले नावही नाही.

मित्राला हे सगळे मी प्रेपनंतर सांगितले. तो रागावेल असे वाटले होते. त्याने शांतपणे ऐकले, वहीतला माझा तक्ता पाहिला, ब्लँक फाइलवर हसला. पुढच्या रविवारी त्याने घरी फोन लावून दादीला विचारले, त्या शिपायाला बहीण होती का? दादीला नाव माहीत नव्हते. असेलही, नसेलही, म्हणाली. मग थोड्या वेळाने तिनेच सांगितले, की घाघरा नदीच्या पलीकडे एक गाव आहे, तिथली मुलगी आपल्या घरात सून म्हणून आणत नाहीत. कारण फार पूर्वी त्या गावात आपल्या घरची एक फुआ दिली होती, आणि जिथे मुलगी दिली तिथून मुलगी आणायची नाही अशी रीत आहे. कोणत्या पिढीतली फुआ, ते दादीच्या सासूलाही ठाऊक नव्हते. गावाचे नाव मात्र दादीला ठाऊक होते. मित्राने ते माझ्या वहीत, तक्त्याखाली, लिहून ठेवले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो तिकडे जाणार आहे.